कमी चाला, जास्त थांबा: नॅशनल पार्कबद्दल वाचकांची पत्रं

मागच्या अंकात बोरिवलीच्या जंगलाबद्दल चार शब्द लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यांनाच दिलं आहे. कागदोपत्री नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असलं, तरी आमच्याकडे रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे ‘नॅशनल पार्क’च म्हणतात, मीही तेच लिहिते. बोरिवली पूर्वेला राहते, चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून आठवड्यातली एक सकाळ तरी तिथे असते. उत्तरं त्या सकाळींमधून आलेली आहेत.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत सात आणि दहा वर्षांच्या मुलांना पार्कात न्यायचं आहे. मागे एकदा नेलं होतं, तर दोन तास चालून मुलं कंटाळली, ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून रडकुंडीला आली. आता सासूबाई म्हणतात, तिथे बिबटे आहेत, नकोच. काय करू? (एक आई, कांदिवली)

ताई, बिबट्याचं उत्तर पुढे मुलुंडच्या पत्रात सविस्तर दिलं आहे, ते सासूबाईंना वाचून दाखवा. इथे मुलांचं बोलू.

दोन तास चाललात, तिथेच बिघडलं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चाळीस मुलांची सहल घेऊन गेले होते. भरभर चालवत नेलं, वाटेत गाणी म्हणवून घेतली, आणि परत येताना मुलांच्या वह्यांत ‘माकड’ एवढा एकच शब्द होता. पाड्यावरची एक वारली आजी काकड्या घेऊन गेटकडे चालली होती. ती म्हणाली, ‘‘बाई, एवढा गलका घेऊन आलात तर रान लपून बसणार नाही तर काय?’’ पुढच्या वर्षी दहाच मुलं नेली. दहिसर नदीच्या काठी एका पडलेल्या खोडाजवळ त्यांना बसवलं आणि पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही असं ठरवलं. पहिली पाच मिनिटं अवघड गेली. मग खोडावरून एक सरडा उतरला. समोरच्या उंबरावर राखी धनेशाची जोडी येऊन बसली. पाण्याशी नाचण शेपटीचा पंखा उघडून नाचायला लागला. एका मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. त्या दिवसापासून माझा नियम तोच आहे: कमी चालायचं, जास्त थांबायचं.

सात वर्षांच्या मुलाला दोन किलोमीटर पुष्कळ झाले. मुख्य गेटमधून सकाळी उघडल्या उघडल्या आत जा. सोमवारी पार्क बंद असतो, आणि रविवारी दहानंतर रस्त्यावर फार वर्दळ होते, म्हणून सुट्टीतला मधला वार निवडा. नदीकाठाची सावलीतली जागा शोधा आणि मुलांना एकेक काम द्या. एकाने फक्त ऐकायचं, दुसऱ्याने फक्त खाली बघायचं. खाली बघणाऱ्याला जास्त सापडतं, हा माझा अनुभव आहे.

दिवाळीच्या सुमाराला मुलांना हमखास आवडेल अशी गोष्ट म्हणजे जायंट वूड स्पायडर, रानातली मोठी कोळीण. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांमध्ये हिचं जाळं असतं, तुमच्या हातांची कव भरेल एवढं. कोवळ्या उन्हात त्याचा धागा सोनेरी पिवळा दिसतो. मधोमध बसलेली मोठी, तळहाताएवढ्या पायांची असते ती मादी. आता त्याच जाळ्यात कडेला नीट बघायला सांगा: नखाएवढा तांबूस ठिपका दिसेल, तो नर. सात वर्षांचं मूल हे स्वतः शोधून काढतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. जाळ्याला हात लावायचा नाही, त्याखालून वाकून जायचं. दुसरी गोष्ट, लाल मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घरटं. शिवायला धागा कुठून येतो हे आधी मुलांना विचारा, लगेच सांगू नका. मोठ्या मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरतात आणि त्या अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पान पानाला जोडतात.

दहा वर्षांच्या मुलाला खरी रानवाट दाखवायची असेल तर शिलोंड्याची वाट आहे. तिथे आपलं आपण जाता येत नाही. पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रात आधी नोंदणी करावी लागते आणि सोबत मार्गदर्शक असतो. हे बंधन मला योग्य वाटतं. मार्गदर्शकाचे कान आपल्यापेक्षा तयार असतात. झाडावर तांबट पक्षी ठोकतोय की लोहार-कामाचा आवाज गेटबाहेरून येतोय, हे तो चालता चालता सांगतो.

मुलं दमली नसतील तर त्याच दिवशी पार्कातल्याच कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे जा. गेटपासून ती सहा-सात किलोमीटर आत आहेत, तेव्हा वाहनाची चौकशी गेटवरच करा. शंभरावर लेणी आहेत, सगळी दाखवायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह दाखवा, आणि मग कातळात कोरलेले पाण्याचे पाट आणि पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दाखवा. डोंगरावर पडणारा पाऊस या अरुंद पाटांतून खाली उतरत एकेका लेण्याजवळच्या पोढीत साठायचा. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत. घरातल्या नळाचं पाणी कुठून येतं हे विचारायला याहून चांगली जागा नाही, कारण त्याच जंगलात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं, तुळशी १८७९ चा. आजही शहर त्यांचं पाणी पितं.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कुंपणावरून रात्री बिबट्या गेला. सीसीटीव्हीत दिसतो आहे. आम्ही त्याला पकडून दूर जंगलात सोडावं असा अर्ज करणार आहोत. मसुदा तपासून द्याल का? (सोसायटीचे सचिव, मुलुंड पश्चिम)

तुमची भीती खरी आहे, आणि तुमच्याकडे लहान मुलं, रात्रपाळीचे रखवालदार आहेत, हेही मी समजते. पण हा अर्ज करू नका, अशी हात जोडून विनंती आहे. कारण सांगते.

बिबट्याला आपला इलाका असतो. त्याला उचललं की ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा तरुण बिबट्या येतो. त्याला तुमची गल्ली, तुमचे दिवे, तुमची ये-जा यातलं काही ठाऊक नसतं. आणि जो उचलून नेला, तो अनोळखी मुलखात घाबरून फिरतो. जुन्नर भागात २००१ नंतर बरेच बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले, तेव्हा जिथे सोडले त्या भागांतच माणसांवरचे हल्ले वाढलेले आढळले. संशोधक विद्या अत्रेय यांनी हे मांडलं. त्यांच्याच चमूने नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्कर बिबट्याला रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा पट्टा, लावून माळशेज घाटात सोडलं होतं. त्याचं नाव ‘आजोबा’. तो तिथे थांबला नाही. वस्त्या, लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडत साधारण सव्वाशे किलोमीटर चालत आपल्या या जंगलाच्या उत्तर टोकाला, नागल्याच्या बाजूला पोहोचला. वाटेत त्याने कुणालाही इजा केली नाही. २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली मेला. मला ही गोष्ट सांगताना आजही बोलवत नाही.

त्याच २०११ साली पार्काचे त्या वेळचे प्रमुख सुनील लिमये यांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे आपल्या पार्काच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) हा उपक्रम सुरू केला. त्याआधी २००४ साली इथे माणसांवर फार हल्ले झाले होते, तुमच्यापैकी जुन्या रहिवाशांना आठवत असेल. उपक्रमात संशोधक, पत्रकार, पोलीस, सोसायट्या सगळ्यांना एकत्र आणून पिंजऱ्यांऐवजी कचरा, दिवे आणि माहिती यांवर भर दिला गेला. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) मोजणीत पार्क आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे दिसले होते, २०१८ मध्ये ४७. म्हणजे तुमच्या कुंपणावरून गेलेला हा पहिला नाही. त्याच्याआधीचे किती गेले ते तुमच्या कॅमेऱ्यात आले नाहीत एवढंच.

अर्ज लिहायचाच असेल तर असा लिहा: मागच्या गल्लीतली कचराकुंडी रोज उचलली जावी. उघड्यावरचा कचरा कुत्र्यांना बोलावतो, आणि इथल्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. कुंपणामागे वाढलेलं गवत कापा, तिथे चांगला दिवा लावा. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं बाहेर पाठवू नका. रखवालदाराला बसायला उंच स्टूल द्या, जमिनीवर उकिडवं बसलेलं माणूस जनावराच्या आकाराचं दिसतं. बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, मुलाला उचलून घ्यायचं आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवत सावकाश मागे सरायचं. सगळ्यात महत्त्वाचं, तो कुठे अडकला तर भोवती गर्दी करू नका, मोबाईल घेऊन धावू नका. वनखात्याला कळवा आणि दारं लावून घ्या. कोंडलेला बिबट्या माणसावर झेप घेऊ शकतो.

वारली लोक वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, पिढ्यान्‌पिढ्या पुजतात. पाड्यांवर त्याची ठाणी आहेत. मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं होतं की भीती वाटत नाही का. ते म्हणाले, ‘‘वाटते की. म्हणून तर त्याला त्याची वाट सोडतो.’’

प्रश्न: वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. आयुष्यभर गिरणीत आणि नंतर बँकेत काढलं, पक्षी बघायचे राहूनच गेले. चढ-उतार नको, अशी एखादी जागा मुंबईत आहे का? (एक वाचक, दादर)

आहे, आणि तुमच्या घराच्या अगदी जवळ आहे. शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस डेपोसमोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकरांची ही जागा एके काळी शहराची कचराभूमी होती. कचऱ्याच्या थरावर माती टाकून, झाडं लावून, जगवून १९९४ साली ती लोकांसाठी खुली झाली. आज तिथे इतकी दाट सावली आहे की मिठी नदी पलीकडे वाहते हे विसरायला होतं. वाटा सपाट आहेत, बसायला जागा आहेत. सकाळी जा, एका बाकावर तासभर बसा. तांबट, हळद्या, शिंजीर, नाचण, खंड्या यांच्यापैकी तीन तरी तुमच्याकडे येतील. दुर्बीण नसेल तरी चालेल. पहिल्या चार-पाच खेपा आवाजच ओळखायला शिका. तांबट तर दादरलाही आहे: उन्हाळ्यात दुपारी पिंपळावरून टुक टुक टुक असा एकसुरी आवाज येतो ना, तोच.

हिवाळ्यात आणखी एक करा. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत होडीने रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला नेतात. होडी भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा. नातवाला सोबत घ्या, होडीत चढताना हात धरायला.

प्रश्न: २०२४ मध्ये कारवी फुलली तेव्हा माझी परीक्षा होती, जाता आलं नाही. आता पुन्हा कधी? तोवर बघण्यासारखं काही आहे का? (एक विद्यार्थिनी, नालासोपारा)

अगं, पुन्हा २०३२ मध्ये. आपल्या पार्कात या झुडपाचा २००८, २०१६ आणि २०२४ असा आठ वर्षांचा फेरा चालत आलेला आहे. मी तीनही बहर पाहिले. २००८ ला आई सोबत होती, तिला चढवत नव्हतं म्हणून वाटेच्या पहिल्या वळणावरच बसली, आणि तिथेही जांभळी-निळी फुलं तिच्या खांद्याला लागत होती.

पण कारवी म्हणजे फुललेलं एक वर्ष, असं समजू नकोस. सात वर्षं ती नुसती वाढते. पावसाळ्यात खरखरीत, मोठ्या पानांनी डोंगर भरून टाकते, उन्हाळ्यात काटक्यांसारखी उभी राहते. आठव्या वर्षी एकदम सगळी फुलते, बी धरते आणि मरते. इतकं बी एकाच वेळी पडतं की खाणारे खाऊन थकले तरी पुष्कळ उरतं. बोंडं वाळून राहतात आणि ओल लागली की फटकन फुटून बी लांब उडवतात. बहरानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी मेलेल्या कारवीच्या रानात उभी होते. पहिली सर येऊन गेली आणि चहूबाजूंनी तडतड सुरू झाली, जणू कुणी लाह्या भाजतंय. फुलांपेक्षा तो आवाज माझ्या जास्त लक्षात आहे.

म्हणजे आत्ता तिथे नवी रोपं आहेत, तुझ्या बहराची. एक जागा ठरव, दरवर्षी ऑगस्टमध्ये तिथे जा, रोप तुझ्या कुठपर्यंत आलं ते वहीत लिहून ठेव. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. काड्या मोडायच्या नाहीत. याच काड्यांचे कूड विणून, शेणामातीने लिंपून पाड्यावरच्या घरांच्या भिंती होतात, तेही एखाद्या घरी विचारून बघून ये. २०३२ मध्ये तू नोकरीला लागलेली असशील. त्या वर्षी सप्टेंबरातली रजा आत्ताच मनाशी राखून ठेव.

प्रश्न: आम्ही आठ मित्र. पावसाळ्यात पार्काच्या येऊर किंवा नागल्याच्या बाजूच्या धबधब्यात भिजायला जायचं आहे. परवानगी लागते का? (ठाणे)

लागते, आणि पाण्यात उतरायला ती मिळणार नाही. तलावात तर मुळीच नाही, तुळशी-विहारमध्ये मगरी आहेत. वर डोंगरावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो, आणि शेवाळलेल्या काळ्या कातळावर कोणताही बूट टिकत नाही. दर पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या आसपास तरुण मुलं अशीच जिवानिशी जातात. त्यांच्यातल्या एकाला मी शिकवलेलं होतं. नागल्याची वाट परवानगी काढून, मार्गदर्शकासोबत, हिवाळ्यात चाला. वरून वसईची खाडी दिसते, तिच्यासाठी जा.

प्रश्न: मी दर शनिवारी पार्काच्या रस्त्यावर माकडांना केळी आणि बिस्किटं घालतो. मारुतीरायाची सेवा म्हणून. परवा एका मुलीने मला अडवलं. तिचं बरोबर की माझं? (मालाड)

तुमचा भाव खरा आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण त्या मुलीचं बरोबर आहे. रोज आयतं मिळालं की माकड रानात शिरायचं सोडून रस्त्याच्या कडेला बसतं. गाडीखाली येतं. पिशवी दिसली की झडप घालतं, आणि ज्या मुलाला ते चावतं त्याच्या आईला तुमची सेवा कशी समजावणार? रानातली उंबरं, पानं, किडे खाऊन त्याचं नीट चालतं. आणखी एक, ते फळ खाऊन बी दूर नेऊन टाकतं. तुम्ही बिस्किट दिलंत की त्या दिवशी एवढी झाडं लागायची राहिली.

शनिवार मोडू नका. त्याच पैशांत गेटवर बसणाऱ्या पाड्यावरच्या बायकांकडून काकडी, बोरं, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं घ्या आणि शेजारच्या मुलांना वाटा.

प्रश्न: आमच्या घरामागे डोंगर आहे. रात्री तिथून कुत्र्यासारखं भुंकणं येतं. बाबा म्हणतात ते कुत्रं नाही. मग काय आहे? (इयत्ता चौथी, भांडुप)

बाबांचं बरोबर असावं. ते बहुतेक भेकर आहे. बकरीएवढं, तांबूस रंगाचं छोटं हरीण असतं. कुत्रं सलग भुंकतं, मध्येच गुरगुरतं, आणि दुसरी कुत्री त्याला उत्तर देतात. भेकर एकदाच, खणखणीत ‘भॉक’ करतं, थांबतं, पुन्हा ‘भॉक’. कधी कधी दहा-पंधरा मिनिटं हे चालू असतं. त्याला काहीतरी दिसलेलं असतं किंवा वास आलेला असतो, बिबट्याचाही असू शकतो, आणि ते सगळ्या रानाला सांगतं: मी तुला पाहिलंय.

आज रात्री खिडकीत बस, बाहेर जाऊ नकोस. दिवा बंद कर. आवाज आला की घड्याळ बघ, किती वाजले ते लिही. दोन भुंकण्यांच्या मधे किती सेकंद जातात ते मोज, आणि आवाज एकाच जागेवरून येतोय की सरकतोय तेही बघ. पंधरा दिवसांची यादी करून मला पाठव. पुढच्या अंकात आपण दोघं मिळून ती वाचू.